भारताचा फुटबॉल सामना टीव्हीवर सापडत नाही? आधी यजमान कोण ते बघा

१० जून २०२५, मंगळवार. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना कोल्हापूरहून मामांचा फोन आला. "अरे, हाँगकाँगसंगं म्याच हाय न्हवं आज? मग लागंना का? मार्चमध्ये ज्या चॅनलवर बघितली, तिथं दुसरंच कायतरी चाललंय."

मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. एका कानाला मामा आणि दुसऱ्या हातात सहकाऱ्याच्या फोनवर शोधाशोध. सामना कुठे आहे ते कळलं, मग ते ॲप मामांच्या फोनवर घ्यायचं, मग नंबर टाकायचा, मग पैसे भरायचे. सगळं जमून चित्र दिसेपर्यंत सामन्याची शेवटची वीस मिनिटं उरली होती. त्यात इंज्युरी टाइममध्ये हाँगकाँगला पेनल्टी मिळाली आणि आपण १-० ने हरलो. मामांनी तेवढंच पाहिलं. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघात ते गोलकीपर होते, शाहू स्टेडियमच्या मातीवर गुडघे फोडून घेतलेला माणूस. "आधीचं काय झालं ते तरी सांग," एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून हा विषय मी नीट लावून धरला.

हा अनुभव एकट्या मामांचा नाही. भारतीय संघाचा सामना आला की दर वेळी कुणी ना कुणी विचारतं, "कुठे दिसतोय?" आणि मागच्या सामन्याचं उत्तर या वेळी चालत नाही. म्हणून चॅनलचं नाव पाठ करण्यापेक्षा ते कसं ठरतं हे समजून घेतलेलं बरं.

चॅनल दर वेळी का बदलतं

आपल्याला सवय क्रिकेटची. बीसीसीआयने भारतातले सामने दाखवण्याचे हक्क २०२३ ते २०२८ असे पाच वर्षांसाठी एकाच कंपनीला विकले. त्यामुळे घरची मालिका आली की फारसं शोधावं लागत नाही. फुटबॉलमध्ये "भारतीय संघाचे सामने" असा एक गठ्ठा कुणीच विकत नाही, कारण तो कुणा एकाच्या मालकीचाच नाही.

लग्नाचं उदाहरण घ्या. ज्याच्या घरचं कार्य, त्याने ठरवलेला फोटोग्राफर. आपण पाहुणे म्हणून गेलो तर फोटो त्याच्याकडूनच मागायचे. मैत्रीपूर्ण सामना किंवा पात्रता फेरीतला सामना असेल, तर साधारणपणे यजमान देशाची फुटबॉल संघटना हक्क विकते. भारतात असेल तर आपली एआयएफएफ, हाँगकाँगमध्ये असेल तर त्यांची संघटना. मोठी स्पर्धा असेल तर स्पर्धा भरवणारी संस्था विकते. आशिया चषकाची मुख्य स्पर्धा एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) विकते, दक्षिण आशियाई स्पर्धा तिथला महासंघ सॅफ विकतो, मध्य आशियाची सीएएफए. आशियाई क्रीडा स्पर्धेतलं फुटबॉल हवं असेल तर ज्या चॅनलने त्या संपूर्ण क्रीडा स्पर्धेचे हक्क घेतले, त्याच्याकडेच जावं लागतं.

याचा परिणाम किती गोंधळाचा होतो ते जून २०२३ पासूनच्या आठ महिन्यांत दिसलं. जूनमध्ये भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप झाला, तो स्टार स्पोर्ट्स आणि हॉटस्टारवर होता. १८ जूनला आपण लेबननला २-० ने हरवून तो जिंकलो. तीन दिवसांनी बेंगळुरूत सॅफ स्पर्धा सुरू झाली. संघ तोच, देश तोच, पण सामने डीडी भारतीवर आणि फॅनकोड या ॲपवर. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कर्णधार सुनील छेत्री खेळला, ते सोनीवर. आणि पुढच्या जानेवारीत कतारमधला आशिया चषक स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. आठ महिन्यांत चार घरं. एखाद्याने जूनमध्ये हौसेने एक पॅक घेतला असेल, तर जुलैचा अंतिम सामना त्याला त्यावर मिळाला नसता.

त्यात नावंही बदलली. जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार झालं. जुन्या लेखात किंवा जुन्या मेसेजमध्ये "जिओसिनेमावर बघा" असं लिहिलेलं दिसलं तर ते आता उपयोगाचं नाही.

मामांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीव आणि बांगलादेशविरुद्धचे सामने आपल्या घरचे होते, ते स्टार स्पोर्ट्स ३ आणि जिओहॉटस्टारवर लागले. जूनचा सामना हाँगकाँगच्या घरचा, तो फॅनकोडवर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात नवे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली संघ पहिल्यांदा खेळला, ती सीएएफएची स्पर्धाही फॅनकोडवर. पण "घरचा सामना म्हणजे टीव्ही, बाहेरचा म्हणजे ॲप" असा नियमही करू नका. १४ ऑक्टोबरला सिंगापूरविरुद्धचा सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर होता, म्हणजे अगदी आपल्या दारात, आणि तोही फॅनकोडवर बघावा लागला.

आपल्याकडच्या अस्थिरतेला आणखी एक कारण आहे. एआयएफएफने २०१० मध्ये व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी एका भागीदाराला दिले होते. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. त्यामुळे घरच्या सामन्यांबद्दलची जुनी गृहीतकं यापुढे धरून चालू नका.

शोधायचं कुठे, आणि कधी

मी आता दोनच प्रश्न विचारतो. सामना कुठल्या स्पर्धेतला? आणि कुणाच्या मैदानावर? ही दोन उत्तरं मिळाली की पुढचं शोधणं सोपं होतं.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे एआयएफएफचं संकेतस्थळ. सामन्याच्या आदल्या दिवशी तिथे संघाबद्दलची बातमी येते. प्रशिक्षक काय म्हणाले, कोण जखमी आहे वगैरे. बरेच जण ती अर्धी वाचून सोडतात. शेवटपर्यंत जा. सामना भारतीय वेळेनुसार किती वाजता आणि कुठे दिसणार, हे बहुतेक वेळा तिथे तळाशी एका ओळीत असतं. इंडियन फुटबॉल टीम या त्यांच्या अधिकृत खात्यावर इन्स्टाग्राम आणि एक्सवरही ते चित्रासह टाकतात. मी आदल्या रात्री जेवण झालं की हे बघतो. त्याआधी बघितलं तर अनेकदा काही ठरलेलंच नसतं, आणि सामन्याच्या दहा मिनिटं आधी बघितलं तर ॲप, पैसे आणि ओटीपी यांना वेळ उरत नाही.

बातम्यांच्या साइटवरचे "कुठे पाहाल" छापाचे लेख मी आता दुय्यम मानतो. त्यातले पुष्कळ लेख मागच्या सामन्याचा मजकूर थोडा बदलून टाकलेले असतात आणि चॅनलची ओळ तशीच राहून जाते. अशा लेखात आधी तारीख बघा, मग मैदानाचं नाव बघा. मैदान चुकीचं असेल तर चॅनलवरही विश्वास ठेवू नका.

वेळेचं गणित स्वतः करून बघितलेलं चांगलं. हाँगकाँग आणि सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, ढाका अर्धा तास पुढे, दोहा आणि रियाध अडीच तास मागे. पूर्वेकडचा सामना त्यांच्या रात्रीचा असला तरी आपल्याकडे पाच-साडेपाचला, ऐन ऑफिसच्या वेळात सुरू होतो. "रात्री आठची मॅच" असं कुठे वाचलं तर आठ कुणाच्या घड्याळात, हे आधी विचारायचं.

यूट्यूबवर "लाइव्ह" दिसतंय, पण ते खरं आहे का?

या भागावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण यात साधी, विश्वासाने बघणारी माणसं फसतात.

९ ऑक्टोबर २०२५, सिंगापूरविरुद्धचा बाहेरचा सामना, संध्याकाळी पाचला. या वेळी मी आधीच सगळी तयारी केली होती, पण मामांना ॲपचा व्याप नको होता. त्यांनी नातवाकडून यूट्यूबवर शोधून घेतलं. सहाच्या सुमाराला फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "तीन-एक! आपुन फुडं हाय!"

माझ्यासमोर खरा सामना चालू होता. आपण ०-१ ने मागे होतो आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच आपला बचावपटू संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड मिळून आपण दहा जणांवर आलो होतो.

मामा बघत होते तो व्हिडिओ गेम होता. कुणीतरी संगणकावरचा फुटबॉलचा खेळ लावून त्याला "इंडिया विरुद्ध सिंगापूर लाइव्ह" असं नाव दिलं होतं आणि हजारो माणसं ते बघत होती. मामांची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. साडेचार इंची पडद्यावर निळे शर्ट पळताना दिसले, त्यांनी मानलं. मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरीचा गोल केला, तो मी त्यांना फोनवरून ऐकवला.

हे ओळखायचं कसं? गवत बघा. खऱ्या मैदानावर कुठे उडालेलं, कुठे पिवळट, गोलपुढे झिजलेलं असतं. व्हिडिओ गेममध्ये ते सगळीकडे सारखं हिरवं, गालिच्यासारखं असतं. प्रेक्षक एकाच लयीत हलतात. कॅमेरा कधी डगआउटकडे, म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकाकडे, वळत नाही, चेंडू बाहेर गेल्यावर चेंडू देणारा पोरगा दिसत नाही, प्रशिक्षक पाण्याची बाटली फेकताना दिसत नाही. कोपऱ्यात प्रसारण करणाऱ्या कंपनीचं चिन्ह नसतं, त्याऐवजी "सबस्क्राइब करा" ची पट्टी सतत फिरत असते. आणि चॅनलच्या नावावर दाबलं की खाली कालच्या दिवशी त्याच माणसाने आणखी दहा देशांचे "लाइव्ह सामने" दाखवलेले दिसतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. लिंक उघडली की आधी खातं काढायला सांगतात, मग कार्डाचा नंबर मागतात, किंवा "हे ॲप बसवा" म्हणून बाहेरून एक फाइल उतरवायला लावतात. अशा ठिकाणी कार्डाचा नंबर टाकू नका आणि फाइल बसवू नका. ज्येष्ठांच्या फोनवर तर अजिबात नको, त्याच फोनवर त्यांच्या पेन्शनचे मेसेज येत असतात. अधिकृत ॲपवर एका सामन्याचा किंवा एका दौऱ्याचा पास घेता येतो, वर्षभराचं काही गळ्यात पडत नाही. तो मार्ग सरळ आहे.

चॅनल बरोबर आहे, तरी दिसत नाही

टीव्हीवर नंबर दाबला आणि "या चॅनलचं सदस्यत्व नाही" अशी पाटी आली, तर चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही. एकाच चॅनलचं एचडी आणि साधं रूप ही दोन वेगळी चॅनलं धरली जातात. एक घेतलं म्हणजे दुसरं आपोआप येत नाही. पॅकमध्ये "स्पोर्ट्स" लिहिलेलं असतं, पण त्यात फक्त क्रिकेटचं चॅनल असतं आणि स्टार स्पोर्ट्स ३ सारखं नसतं, असंही होतं. केबलवाल्याला फोन करून नेमकं चॅनलचं नाव सांगा. नुसतं "फुटबॉल दिसत नाही" म्हटलं तर तो युरोपचं फुटबॉल चालू करून देईल. आणि हे आदल्या दिवशी करा, कारण सुट्टीच्या संध्याकाळी तो फोन उचलेलच असं नाही.

ॲपच्या बाबतीत घराघरांत एक अडचण सारखीच. खातं मुलाच्या नंबरावर, मुलगा पुण्याला किंवा मुंबईला, आणि ओटीपी त्याच्या फोनवर. तो मीटिंगमध्ये. आई-वडील टीव्हीसमोर बसून. यावर उपाय एकच, सामन्याच्या आदल्या रात्री टीव्हीवर लॉग-इन करून ठेवायचं आणि काहीतरी दोन मिनिटं लावून बघायचं. घेतलेला पॅक मोबाइलपुरता असेल तर तो टीव्हीवर चालणार नाही, हेही तेव्हाच कळतं. ॲप जुनं असेल तर अपडेटही तेव्हाच होऊन जातं.

ॲपवरचं चित्र टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे असतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "गोल!" आधी येतो आणि आपल्या पडद्यावर अजून चेंडू मध्यावरच असतो. सामना संपेपर्यंत ग्रुप बंद ठेवणं हा मी शोधलेला एकमेव इलाज आहे.

दूरदर्शनचं एक वेगळंच आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या खेळांचं प्रक्षेपण खासगी कंपन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या यंत्रणेवरून आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून शेजाऱ्याच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला सामना चालू असतो आणि तुमच्या केबलवर त्याच चॅनलवर जुनी कुस्ती. केबलवाल्याचा यात दोष नसतो. ही अडचण क्रिकेटमध्ये जास्त येते. सॅफसारखी स्पर्धा दूरदर्शनने थेट घेतली असेल तर ती सगळीकडे दिसते. गावाकडे कुणाकडे फ्री डिश असेल तर ती टाकून देऊ नका, महिन्याचा खर्च नाही आणि कधी ना कधी कामी येते.

मुलींचे आणि लहान वयोगटांचे सामने

इथे शोधाशोध अजून वाढते, आणि याचं मला मनापासून दुःख होतं. ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून महिला आशिया चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. इतकी मोठी गोष्ट, आणि माझ्या ओळखीतल्या फुटबॉलवेड्यांपैकी निम्म्यांना सामना आहे हेच माहीत नव्हतं.

या सामन्यांसाठी टीव्हीची वाट बघू नका. यजमान देशाच्या संघटनेचं यूट्यूब चॅनल उघडा, अनेकदा सामना तिथे फुकट आणि अधिकृतपणे चालू असतो. सॅफच्या वयोगटांच्या स्पर्धा स्पोर्ट्झवर्क्झ या यूट्यूब चॅनलवर दिसल्या आहेत. वर सांगितलेल्या खोट्या "लाइव्ह"पासून हे वेगळं ओळखायला चॅनलचं नाव आणि त्यावरचे जुने व्हिडिओ बघायचे, की झालं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठांपेठांत टीव्हीसमोर गर्दी होती. आज असाच कुणी पोरगा किंवा पोरगी भारताच्या कनिष्ठ संघात असेल, तर तिच्या गावाला निदान लिंक तरी मिळायला हवी.

परदेशात असलेल्या मराठी मंडळींसाठी एवढंच: हक्क देशागणिक विकले जातात. पुण्यात घेतलेलं भारतीय ॲप दुबईत किंवा सिंगापुरात तो सामना दाखवेलच असं नाही. तिथल्या स्थानिक चॅनलकडे बघा, नाहीतर पुन्हा यजमान संघटनेच्या यूट्यूबकडे. आणि सामना तुमच्याच शहरात असेल तर सरळ तिकीट काढा. २ जून २०१८ ला सुनील छेत्रीने स्टेडियमवर या म्हणून हात जोडून विनंती केली, कारण आदल्या दिवशी अंधेरीत चायनीज तैपेईविरुद्ध ५-० ने जिंकताना समोर २,५६९ माणसं होती. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध तेच मैदान भरलं. तो त्याचा शंभरावा सामना होता.

मामांनी आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर फिफाच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. राष्ट्रीय संघांसाठी ठराविक दिवस राखलेले असतात. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे वेगळे कालखंड एक करून २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असा सलग केला आहे, मग ९ ते १७ नोव्हेंबर. त्या चौकटींत ते आधी फक्त "भारत" लिहितात. सामना ठरला की खाली गाव आणि आपली वेळ. चॅनलसाठी जागा मोकळी सोडतात आणि ती आदल्या रात्री, माझा फोन झाल्यावर, पेन्सिलने भरतात.